अण्णांचा शिपाई

अण्णा आमच्याकडे मराठी शिकवायला आले, आणि त्यांच्याबद्दलची पहिली तक्रार आली ती त्यांच्या मराठीबद्दलच.

आमची सोसायटी बेंगळुरूच्या महादेवपुऱ्यात. सोसायटी म्हणायचं ते पुण्यातल्या सवयीनं. इथं इतकी माणसं राहतात की माझ्या आजोळला एवढी वस्ती असती तर तालुक्याचा दर्जा मिळाला असता. त्यात मराठी घरं भरपूर. पुणे, मुंबई, नागपूर, सगळे संगणकाच्या नोकऱ्यांमागे आलेले. गणपती बसवून झाले, हळदीकुंकू झालं, ढोल-ताशे मागवून शेजाऱ्यांची झोप उडवून झाली, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की आपली मुलं आरती इंग्रजी अक्षरांत लिहून म्हणतायत. तेव्हा सोसायटीतल्या मराठी मंडळानं रविवारचा मराठी वर्ग काढायचं ठरवलं. मी मंडळाची चिटणीस होते, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप टाकायचं काम माझ्याकडे होतं. अध्यक्षांनी सांगितलेला निरोप मी जसाच्या तसा टाकला: मुलांना शुद्ध मराठी शिकवणारे अनुभवी शिक्षक हवेत.

अध्यक्ष मूळचे पुण्याचे, मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. ऑफिसात इंग्रजी, ड्रायव्हरशी हिंदी आणि उरलेल्या वेळात मराठीचा अभिमान, अशी त्यांची विभागणी होती. कुणी ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटलं की त्यांचा चेहरा दाढ ठणकल्यासारखा व्हायचा. माणूस मात्र कामाचा. मंडळाची सगळी ओझी तोच उचलायचा, आणि उचलताना सगळ्यांना दिसेल अशा बेतानं उचलायचा.

अर्ज एकच आला. मल्लेश्वरमच्या एका कन्नड शाळेतून निवृत्त झालेले भूगोलाचे शिक्षक. अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, जो पुढे मी त्यांच्या अंगावर मे महिन्यातही पाहिला, आणि हातात छत्री. आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, “स्वल्प लेट झालं. मॅजेस्टिकला गाडी बदलायला भारी रश होतं बघा.”

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. ‘स्वल्प’ हा शब्द संस्कृत म्हणून सोडून द्यावा की कन्नड म्हणून धरावा, हा प्रश्न त्यांना पडला असावा. मग त्यांनी फार सौजन्यानं विचारलं, आपण महाराष्ट्रातले कुठले? अण्णा म्हणाले, कुठलेच नाही. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरातच. घरात मराठी बोलतात, बाहेर कन्नड, आणि दोन्हीमध्ये उंबरा काही फार उंच नाही. अध्यक्षांनी चाचरत भाषेच्या शुद्धतेचा विषय काढला, तेव्हा ते म्हणाले, “आमचे लोक घोड्यावरून आले, तुम्ही विमानातून. तुमचं सामान कमी हरवलं, एवढंच की.”

दुसरा अर्जच नसल्यामुळे त्यांची निवड एकमतानं झाली. त्यांनी सगळ्यांना आपल्याला अण्णाच म्हणायला सांगितलं. आम्हां बायकांना ते अक्का म्हणायचे, आणि मुलांना मरी, म्हणजे पिल्लू. पण म्हणायचे अशा सुरात की पिल्लांना आपण रांगेत उभं राहावं असं वाटायचं.

अभ्यासक्रम अध्यक्षांनी स्वतः बसून आखला होता. दर रविवारी एक गोष्ट, आणि प्रत्येक गोष्टीसमोर एक सद्गुण. एका रविवारी प्रामाणिकपणा, पुढच्या रविवारी करुणा, त्याच्या पुढे देशप्रेम. दिवाळीपर्यंत मुलं संपूर्ण सद्गुणी व्हावीत असा हिशेब होता. पहिल्याच रविवारी क्लबहाऊसमध्ये कुणाचा तरी वाढदिवस निघाला, त्यामुळे प्रामाणिकपणा राहून गेला. अण्णांनी करुणेपासून सुरुवात केली, आणि ते तिथून पुढे गेलेच नाहीत.

ती गोष्ट जुनी, अभिजात म्हणतात तसली. अध्यक्षांनी पाठवलेल्या प्रतीत पहिलं पान नव्हतं, त्यामुळे लेखक कोण ते आम्हांला कळलं नाही, आणि कुणी शोधलंही नाही. गोष्ट छोटी आहे. एक पोलीस शिपाई एका चोराला दोरी बांधून तालुक्याच्या कचेरीत घेऊन चाललाय. उन्हाळ्याचे दिवस, रस्ता तापलेला, चोर अनवाणी. चोराचे पाय भाजतात, तो लंगडतो, बसतो, पुन्हा उठतो. शिपाई त्याला शिव्या घालतो, काठीनं ढोसतो. मग एका ओढ्याच्या कोरड्या पात्रात शिपाई थांबतो, आपल्या पायांतल्या चपला काढतो आणि काही न बोलता चोरापुढे टाकतो. पुढचा रस्ता शिपाई अनवाणी चालतो. कचेरीच्या फाटकाशी आल्यावर म्हणतो, “काढ त्या.” चोर चपला काढतो, शिपाई त्या पायांत घालतो आणि दोघं आत जातात. बस्स.

अध्यक्षांच्या आखणीत या गोष्टीपुढे ‘करुणा’ लिहिलं होतं. मी वर्गासाठी प्रश्नपत्रिकाही करून दिली होती. शिपायाचे स्वभावविशेष लिहा. खाली नमुना उत्तर: शिपाई वरून कठोर पण मनानं दयाळू, कनवाळू व कर्तव्यदक्ष आहे. शाळेत असताना मी अशाच उत्तरांवर पैकीच्या पैकी गुण मिळवले होते, तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

अण्णांनी ते नीट वाचलं आणि मला परत दिलं. म्हणाले, हा चारित्र्याचा दाखला झाला. नोकरीत असताना मी पुष्कळ लिहिलेत. शाळा सोडून जाणाऱ्या प्रत्येकाला एकच: वर्तणूक चांगली. त्यांतला एक आज न्यायाधीश आहे, एक तुरुंगात आहे, आणि दोघांच्याही दाखल्यावर माझीच सही आहे.

मग त्यांनी वर्गाचा नियम सांगितला. चपला दाराबाहेर काढायच्या, आणि विशेषणंही. दयाळू, दुष्ट, प्रेमळ, स्वार्थी, यांतला एकही शब्द आत चालणार नाही. माणूस काय करतो ते सांगायचं. कुणी चुकून ‘शिपाई दयाळू’ म्हटलंच, तर अण्णा कानामागे हात नेऊन विचारायचे, काय म्हणाला? ऐकू नाही आलं. आणि मुलानं वाक्य बदलेपर्यंत त्यांना ऐकू यायचं नाही.

भूगोलाचे मास्तर असल्यामुळे त्यांनी आधी नकाशा काढला. क्लबहाऊसच्या भिंतीवर भला मोठा टीव्ही होता. त्याला ते हात लावत नसत. खिशातून स्वतःचा खडू काढायचे. गाव इथं, कचेरी इथं. विहीर कुठं असेल? सावली कोणत्या बाजूला पडेल? ओढ्याच्या पात्रातच शिपाई का थांबला, आधी वडाखाली का नाही? मुलं वाद घालू लागली. एक रविवार नुसता दोरीवर गेला. दोरी कुणाच्या कमरेला, कुणाच्या मनगटाला, आणि चोर पडला तर शिपायाला ओढ लागेल की नाही. एक रविवार चपलांच्या मापावर गेला. चोराला त्या मोठ्या झाल्या की लहान? पुस्तकात काहीच नाही, अशी मुलांची तक्रार होती. अण्णा म्हणायचे, पुस्तकात नाही, पण रस्त्यावर असेल ना?

या शिपायापायी एकदा गेटवरही गोंधळ झाला. आमच्याकडे आत येणाऱ्याला काम विचारतात. सुरक्षारक्षक नवा होता. त्यानं विचारलं, कशासाठी आलात? अण्णांनी खरं ते सांगितलं: पोलिसाच्या कामासाठी. रक्षकानं धास्तावून ऑफिसला फोन लावला, ऑफिसनं सोसायटीच्या सचिवांना, सचिवांनी बिल्डरला. अण्णा बाकावर बसून राहिले. मी खाली धावत जाऊन खुलासा केला तेव्हा ते शांतपणे म्हणाले की शिपायाचं नुसतं नाव निघालं तरी मोठ्या लोकांची धावपळ होते. ही गोष्टीतली उणीव आहे, कचेरीतल्या साहेबांबद्दल लेखकानं काहीच लिहिलेलं नाही.

ते गोड माणूस होते असा कुणाचा समज होऊ नये. कागदी कपातला चहा पुढे केला की त्यांचा चेहरा पडायचा, आणि तो पडलेला चेहरा ते तास संपेपर्यंत जपायचे. आभार मानणं त्यांना जमत नसे. रिक्षावाल्यांशी ते कन्नडमध्ये अगदी मनापासून भांडायचे. मी एकदा म्हटलं, अण्णा, आता तरी पुढची गोष्ट घ्या, देशप्रेम केव्हाचं थांबलंय. तर माझ्याकडे न बघता म्हणाले, “एका माणसाची ओळख अजून नीट झाली नाही, अक्का. बाकीच्यांकडे कुठल्या तोंडानं जाऊ?”

घरोघर परिणाम दिसू लागले, ते आणखी वेगळे. माझ्या मॅनेजरला मी घरी नालायक म्हणते. सगळेच आपापल्या मॅनेजरला म्हणतात. त्याशिवाय जेवण जात नाही. एका रात्री जेवताना माझ्या मुलीनं, सईनं, मला अडवलं. म्हणाली, तो काय करतो ते सांग. मी तावातावानं सांगायला बसले. तो सकाळी लवकर येतो, उगाच मीटिंग लावतो, मीटिंगमध्ये पेनाचं टोपण चावतो, आमच्यावर चिडतो, मग वर जाऊन त्याच्या साहेबाकडून ऐकून येतो, मग कँटीनच्या कोपऱ्यात एकटा जेवतो. सई म्हणाली, रोज एकटा? मी म्हटलं, हो, रोज. त्यानंतर नालायक म्हणण्यातली मजा कमी झाली. दुसऱ्या दिवशी दुसरा शब्द शोधला, तोही टिकला नाही.

इतर घरांतही असंच काहीबाही चाललं असावं, कारण पालकांच्या तक्रारी वाढू लागल्या. मुलांचा शब्दसंग्रह वाढायचा तो घटतोय. मुलं ‘बरं’ऐवजी ‘सरी’ म्हणतात. एकाच गोष्टीवर महिनोन् महिने. एका आईनं लिहिलं, आमच्या मुलानं सासूबाईंची बाजू घेतली, हे कुठल्या अभ्यासक्रमात बसतं?

मग मार्च आला, आणि अण्णांनी वर्ग बास्केटबॉलच्या मैदानावर नेला.

भर दुपारची वेळ. मैदानाचा सिमेंटचा कोबा चांगलाच तापला होता. अण्णांनी आपले बूट-मोजे काढले, एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत चालून गेले, परत आले आणि मुलांना म्हणाले, ज्याला बघायचं असेल त्यानं बघावं. बहुतेक मुलं किंचाळत, हसत पळत गेली आणि सावलीत जाऊन बसली. अध्यक्षांचा मुलगा विहान मात्र सावकाश चालला. चोर पळू शकत नाही, त्याला दोरी बांधलीय, असं त्याचं म्हणणं. अण्णांनी त्याला दोनदा हाक मारली, पण तो मधेच थांबला, पुन्हा चालला. संध्याकाळी त्याच्या तळपायाला फोड आला.

अण्णा त्याच संध्याकाळी परत आले. मल्लेश्वरमला पोचून, निरोप मिळाल्यावर पुन्हा एवढ्या लांब. मीही तेव्हा अध्यक्षांच्या घरी होते. विहान उशीवर पाय ठेवून पडला होता. अण्णा पलंगाजवळ बसले, फोड पाहिला आणि म्हणाले की माझं चुकलं, मी तुला उचलून आणायला हवं होतं. विहाननं ते ऐकलंच नाही. त्याला दुसरंच काही सांगायचं होतं.

“अण्णा, त्यानं चपला परत का घेतल्या कळलं. त्याला परत घरी चालत जायचं होतं ना.”

मी त्या गोष्टीची प्रश्नपत्रिका काढली होती. शिपायाला परत जायचंय, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. अण्णा नुसतं ‘सरी’ म्हणाले आणि उठले. अध्यक्ष बाहेरच्या खोलीत पाठ करून उभे होते. अण्णा त्यांच्या मागून बाहेर पडले.

रात्रीपर्यंत ग्रुपवर वणवा पेटला. फोडाचा फोटो फिरला. ज्यांची मुलं वर्गाला येत नव्हती तेही संतापले. कंपन्यांमध्ये सहवेदनेच्या कार्यशाळा घेणाऱ्या एक बाई आमच्या मंडळात आहेत. त्यांनी लिहिलं की अशा माणसाला क्षणभरही थारा देता कामा नये. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली.

पुढच्या रविवारी क्लबहाऊसमध्ये बैठक झाली. अण्णांना बोलावलं होतं. ते म्हणाले, “फोड आला ते माझंच चुकलं,” आणि बसले. बचावाचं भाषण ऐकायच्या तयारीनं आलेल्या लोकांची थोडी निराशा झाली. मी उठून म्हटलं की समज द्यावी, पण वर्ग बंद करू नये. मुलं प्रथमच रविवारी आपण होऊन उठतायत. माझ्या बाजूनं सहवेदनावाल्या बाईंचे यजमान तेवढे हात वर करणार होते, पण त्यांनी बाईंकडे पाहिलं आणि तो हात केसांतून फिरवला. अण्णांना काढायचा ठराव मंजूर झाला.

आणि आता खरं मराठीपण पुढे आलं. आपण कुणाला हाकलून देत नाही, आपण निरोप देतो. अध्यक्षांनी आधीच शाल आणि श्रीफळ मागवून ठेवलं होतं. अण्णांना पुढे बोलावून खुर्चीवर बसवण्यात आलं. अध्यक्ष भाषणाला उभे राहिले. अण्णा व्यासंगी, मनमिळाऊ, विद्यार्थिप्रिय, निगर्वी. प्रत्येक शब्दाला अण्णा डोळे मिटत होते, इंजेक्शन घेताना मिटावेत तसे. शाल खांद्यावर आली तेव्हा त्यांनी पदर चाचपून पाहिला आणि शेजारी बसलेल्या मला हळूच म्हणाले, चिकपेटच्या बाजारातली आहे, लांबी चांगली दिलीय.

या सगळ्यात टेबलावर अध्यक्षांचा फोन सारखा थरथरत होता. ते तो पालथा घालत, पुन्हा बोलायला लागत. पुन्हा थरथर. आम्हां सगळ्यांना तो उद्धटपणा वाटला. म्हटलं, निदान आज तरी ऑफिस बाजूला ठेवावं. अण्णा शाल सावरत, मांडीवर नारळ घेऊन त्या फोनकडेच बघत होते. मग त्यांनी भाषण मधेच थांबवलं.

“आधी फोन घ्या. मला काढायचं काम नंतर होईल.”

अध्यक्षांनी फोन घेतला. पुण्याहून शेजाऱ्यांचा होता. अध्यक्षांचे वडील न्हाणीघरात पडले होते, एक बाजू लुळी पडली होती, बोलता येत नव्हतं. रुग्णालयात नेलं होतं.

अध्यक्ष तसेच उभे राहिले. मंडळानं आपापल्या परीनं धावपळ केली. कुणी विमानाची वेळ पाहिली, कुणी धीर धरा म्हणालं, कुणी टेक केअर म्हणालं. अध्यक्ष खिशातून गाडीची किल्ली शोधत होते, आणि किल्ली त्यांच्या हातातच होती. अण्णांनी ती काढून माझ्याकडे दिली, टॅक्सी बोलवायला सांगितलं, आणि अध्यक्षांना कोपराला धरून खाली नेलं. म्हणाले, मला वाटेत हेब्बाळला सोडा, तिथून घर जवळ पडतं. आणि खांद्यावरची शाल नि हातातला नारळ तसाच घेऊन टॅक्सीत बसले.

पुढचं मला अध्यक्षांनीच बऱ्याच महिन्यांनी सांगितलं. हेब्बाळ आलं आणि गेलं, अण्णा उतरले नाहीत. विमानतळापर्यंत गेले. वाटेत त्यांनी ड्रायव्हरशी रस्त्यावरून वाद घातला आणि तो जिंकला. धीराचा एक शब्द बोलले नाहीत. फक्त विचारत राहिले. वडील काय करायचे? मुख्याध्यापक होते. कसे आहेत? अध्यक्ष म्हणाले, कडक, शिस्तप्रिय, तत्त्वनिष्ठ. अण्णांनी कानामागे हात नेला. मग त्यांनी विचारलं, चहा बशीत ओततात की कपानं पितात? कोणत्या कुशीवर झोपतात? तुम्ही घरून निघता तेव्हा दारात उभे राहतात की आत जातात? अध्यक्ष मला म्हणाले, “पहिल्या दोन्हींचं उत्तर मला येत नव्हतं. तिसऱ्याचं येत होतं. आत जातात.”

वडील वाचले. अध्यक्षांनी त्यांना बेंगळुरूला आणलं.

इकडे मराठी वर्गाचं जे व्हायचं ते झालं. मुलांसाठी एक अ‍ॅप घेतलं. त्यात अचूक उत्तर दिलं की टाळ्या वाजायच्या. मुलांनी काही रविवार टाळ्या वाजवून घेतल्या आणि ती पोहायला गेली. शेवटी कार्यकारिणीनं, अध्यक्ष गैरहजर असताना, ठराव केला की अण्णांना सन्मानानं परत बोलवावं. सन्मान हा शब्द सहवेदनावाल्या बाईंनी घालायला लावला. तो ठराव अण्णांना कळवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

मी आणि सई एका रविवारी सकाळी मल्लेश्वरमला गेलो. अण्णा एका आडव्या गल्लीत, फुलवाल्याच्या दुकानामागं, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत. दार उघडंच होतं. आत शिरले आणि थबकले. समोर सतरंजीवर विहान बसला होता, त्याच्याशेजारी मांडी घालून आमचे अध्यक्ष, आणि वेताच्या खुर्चीत त्यांचे वडील.

अध्यक्ष उठायला लागले, मला काही सांगायला लागले, की ट्रॅफिक फार असतो, विहानला सोडून परत जाणं परवडत नाही, म्हणून इथंच बसतो. अण्णांनी हातानंच आम्हांला बसायला सांगितलं. वर्ग चालू होता. फळ्यावर तोच नकाशा होता. आता त्यावर कचेरीपासून गावाकडे परत जाणारी दुसरी रेघ होती.

आजोबांबद्दल अध्यक्ष मला हलक्या आवाजात सांगू लागले. उजवा हात अजून उठत नाही. शब्द आत असतात, पण बाहेर यायला फार वेळ घेतात, आणि येतात ते मोडून. घरी आल्यापासून ते बोलेनासेच झाले होते. उपचार करणाऱ्या बाई यायच्या, सांगायच्या, बोलतं ठेवा. “मी ठेवत होतो,” अध्यक्ष म्हणाले. “त्यांचं वाक्य अडलं की पूर्ण करून देत होतो. उच्चार चुकला की नीट म्हणून दाखवत होतो. मग ते भिंतीकडे तोंड करून झोपायला लागले.” विहानच म्हणाला होता, आजोबांना अण्णांकडे नेऊ या.

तेवढ्यात आजोबांच्या घशातून आवाज आला. सगळे त्यांच्याकडे वळले. अण्णांनी मघाशी विचारलेल्या कशाचं तरी ते उत्तर असावं. सईनं विहानला विचारलं, काय विचारलं होतं? तो कुजबुजला, चपला परत का घेतल्या तेच. माझं उत्तर अण्णांना पुरत नाही.

“ला,” आजोबा म्हणाले. पुढे येईना. मान हलली, डावी मूठ मांडीवर आपटली.

अध्यक्ष पुढे झुकले. “लागल्या? बाबा, चपला लागल्या, असं का?”

“स्वल्प थांबा,” अण्णा म्हणाले. “त्यांना बोलू द्या.”

आम्ही थांबलो. बाहेर फुलवाल्याकडे कुणी तरी मोगऱ्याचा भाव करत होतं. मला ते थांबणं सोसेना. मी सईचा हात धरून ठेवला. अण्णा मात्र खडू हातात घेऊन असे बसले होते की जणू त्यांना दुसरीकडे कुठे जायचंच नाही.

“लाज,” आजोबा म्हणाले.

अण्णांनी विचारलं, कुणाला, चोराला? आजोबांनी नाही अशी मान हलवली. शिपायाला? हो.

“कशाची लाज? चपला काढून घेतल्याची?”

आजोबांची मान पुन्हा हलली, नाही. ओठ कितीतरी वेळ नुसते हलत राहिले. मग शब्द आला, कडा मोडलेला, पण आम्हां सगळ्यांना कळला.

“दिल्याची.”

विहान नकाशाकडे बघत सावकाश म्हणाला, आत सगळे असतील ना. साहेब वगैरे. त्यांनी बघितलं असतं, यानं चोराला चपला दिल्या ते. आजोबांनी डोळे मिटून मान डोलावली. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

अध्यक्ष वडिलांकडे बघत राहिले. मग उठले आणि बाहेर पायरीवर जाऊन पाठमोरे उभे राहिले. विहान त्यांच्यामागं जायला निघाला, तर अण्णा म्हणाले, राहू दे मरी, येतील ते. मग त्यांनी आजोबांना पाणी दिलं, पेला डाव्या हातात, आणि हात थरथरत होता तरी सावरायला गेले नाहीत. थोडं सांडलं. आजोबा प्यायले.

“काय काम काढलंत, अक्का?” अण्णांनी मला विचारलं.

मी म्हटलं, काही नाही, सहज आले होते. आणि सतरंजीवर सईच्या बाजूला जागा करून बसले.